खराटा हाती घेण्यापूर्वी

आमच्या वस्तीमागच्या ओढ्यावर एक लहानसा पूल आहे. पुलाच्या अलीकडे, विजेच्या डीपीला लागून, पाच-सहा पावलांची मोकळी जागा आहे. तिला सगळे ‘कचऱ्याचा कोपरा’ म्हणत. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही आम्ही तेच सांगायचो, कचऱ्याच्या कोपऱ्यावरून डावीकडे. एका रविवारी सकाळी आम्ही सात जण खराटे, घमेली, फावडी आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घेऊन तिथे जमलो. दोन तासांत जागा लख्ख झाली. खालच्या फरशीचा रंग कित्येक वर्षांनी दिसला. फोटो काढले, टपरीवर चहा घेतला आणि घरी गेलो. मंगळवारी दूध आणायला निघाले तेव्हा डीपीच्या पायाशी गाठ मारलेल्या तीन पिशव्या होत्या. गुरुवारपर्यंत ढीग होता तेवढा झाला.

पुढच्या रविवारी सातांपैकी चौघेच आले. ही पुस्तिका त्या चौघांच्या रविवारपासून सुरू होते.

स्वच्छता मोहीम हा शब्द आता कुणाला नवा नाही. २ ऑक्टोबरला शाळा-कचेऱ्यांत ती होते, पावसाळा सरला की गडकोटांवर होते, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी आणि चौपाटीवर होते, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून खेडोपाडी होते. या साऱ्यांत मी कधी ना कधी घमेले उचलले आहे आणि त्यातला आनंद मला ठाऊक आहे. पण घराजवळचा कोपरा झाडणे हे निराळे काम आहे आणि माझ्या अनुभवाने अधिक अवघडही. गडावर आपण अनोळखी माणसाची बाटली उचलतो आणि खाली उतरतो. गल्लीत उचलायची पिशवी शेजाऱ्याची असते. ती टाकणारा कधी कधी गॅलरीतून आपल्याकडे बघत उभा असतो. उद्या त्याच्याच दुकानातून आपल्याला साखर आणायची असते.

त्या दुसऱ्या रविवारी एका फुटलेल्या पिशवीतून कुरिअरचे पाकीट निघाले. त्यावर आमच्याच इमारतीचा पत्ता होता. आमच्यातल्या एकाने लगेच मोबाईल काढला. त्याला तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा होता. बरोबरच्या वयस्कर काकांनी त्याचा हात धरला. “आधी विचारू तरी,” ते म्हणाले. संध्याकाळी आम्ही दोघी जणी त्या घरी गेलो. नवरा-बायको दोघेही सकाळी साडेसहाला कामावर निघतात. घंटागाडी येते साडेआठला. बादली दाराबाहेर ठेवली तर मांजरे उपसतात आणि जिन्यातले लोक बोलतात. रात्री परत बाहेर पडून अंधारात पिशवी कोपऱ्यावर सोडायची, याखेरीज त्यांना काही सुचले नव्हते. सांगताना त्या ताईंचा चेहरा उतरला होता. समोरच्या घरातल्या आजींनी आपल्या बादल्यांबरोबर त्यांच्याही दोन बादल्या खाली न्यायचे आपणहून कबूल केले. त्या घरची पिशवी कोपऱ्यावर पुन्हा दिसली नाही.

आम्ही पहिल्या रविवारी दीडशे किलो कचरा उचलला असेल किंवा दोनशे, त्याने काही बदलले नव्हते. एका घरी जाऊन बसल्याने एक पिशवी कायमची कमी झाली. त्यानंतर आम्हाला एक गोष्ट कळली आणि या पुस्तिकेत जे काही आहे ते त्या एका गोष्टीचाच विस्तार आहे. कचऱ्याचा ढीग आपल्या वस्तीबद्दल काहीतरी सांगत असतो. गाडीची वेळ कुणाला गैरसोयीची आहे, कुठला दिवा बंद आहे, कुठल्या खोल्यांत भाडेकरू बदलले आणि त्यांना ओला-सुका सांगायला कुणी गेलेच नाही, कुठल्या हातगाडीजवळ टोपली नाही. हे सारे त्या ढिगात असते. पण ते एका सकाळीत कळत नाही. त्यासाठी त्याच जागी पुन्हा जावे लागते.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. गाडगेबाबांचे चित्र आपल्या मनात पक्के आहे, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्यांचा वेष, हातात खराटा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात परटाच्या घरी जन्मलेला हा माणूस गावात पाऊल टाकताच कुणाला काही न सांगता झाडायला लागे. दिवसभर गाव झाडून काढायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनाला बसवायचे. कीर्तनात ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. झाडणे आणि विचारणे ही त्यांच्या कामाची दोन अंगे होती. आपण खराटा उचलला, तो त्यांच्या नावाने भिंतींवर रंगवलाही, पण रात्रीचे ते विचारणे आपल्या मोहिमांतून बहुतेक गळून गेले. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. ज्या गावांत ते मुरले, तिथे श्रमदानाबरोबर गावकऱ्यांच्या बैठका झाल्या होत्या. बाबांची पद्धत तिथे पुरी उतरली होती.

दुसरी आठवण विनोबांची. १९४६ च्या सुमारास ते पवनारहून चालत जवळच्या सुरगावला रोज मैलासफाईसाठी जात. खांद्यावर फावडे, ऊन असो की पाऊस, सूर्य उगवावा तसा नेम. एकदा मुसळधार पावसाने वाटेतला ओढा भरून वाहत होता आणि पलीकडे जाणे शक्य नव्हते. विनोबा काठावर उभे राहिले. पलीकडे दिसलेल्या माणसाला त्यांनी हाक मारून निरोप दिला, देवळात जाऊन देवाला सांग की गावाचा सफाई करणारा येऊन गेला. त्या दिवशी सुरगावात एक फावडेभर माती हलली नसेल. तरी नेम चुकला नव्हता आणि तो चुकला नाही हे गावालाही कळले होते. आमच्या गटात पावसाळी रविवारी दोघेच उरतात, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. दोघे तर दोघे, वार चुकवायचा नाही.

आणि कोकणात अप्पा पटवर्धन होते. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते काम तुरुंगातही जात पाहून वाटले जाई आणि अप्पांना ते नाकारले गेले. त्यासाठी त्यांनी अन्न सोडले आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचे खत होईल असे संडास बांधण्यात आयुष्य वेचले. अप्पांचा मुद्दा स्वच्छतेच्या पलीकडचा होता. घाण एकाने करायची आणि ती उचलायला जन्माने दुसरा ठरवून ठेवायचा, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती.

हा मुद्दा मी मुद्दाम इथे घेते, कारण खराटा हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तो आधी समजून घ्यायला हवा. आपण रविवारचे दोन तास रस्ता झाडतो आणि लोक आपले कौतुक करतात. त्याच रस्त्यावर उरलेले सहा दिवस एक सफाई कामगार बाई पहाटे पाचपासून झाडते आणि तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. आपल्या कौतुकाने हे अंतर वाढणार असेल तर आपले काम फसले. आम्ही तिसऱ्या रविवारी आमच्या भागातल्या झाडूवाल्या मावशींना चहाला बोलावले आणि विचारले, आमचे काय चुकते? त्या आधी संकोचल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही सगळं एकाच काळ्या पिशवीत भरता. ते आम्हालाच परत उपसावं लागतं.” आम्ही त्यांचे काम हलके करायला निघालो होतो आणि वाढवून ठेवत होतो. या पुस्तिकेतले वर्गीकरणाचे प्रकरण मावशींच्या त्या एका वाक्यातून निघाले.

त्या प्रकरणाबद्दल थोडे सविस्तर सांगते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा उगमाशीच वेगळा करणे बंधनकारक केले. उघड्यावर कचरा जाळण्यालाही त्यांनी मनाई केली. मोहिमेतला कचरा त्याला अपवाद नाही. कोपऱ्यावरचा ढीग उपसताना आम्ही आता पाच गोण्या मांडतो. एकीत पुठ्ठा-कागद, एकीत कडक प्लास्टिक आणि दुधाच्या पिशव्या, एकीत काच, एकीत चपला-चिंध्या-थर्माकोल, आणि शेवटची त्या चकचकीत पुड्यांची. शेवटची गोणी सर्वांत आधी भरते आणि तिला सर्वांत कमी गिऱ्हाईक असते. वेफर, शाम्पू, गुटखा यांची ही वेष्टने प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांची असतात. ते थर एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. पुठ्ठा रस्त्यावर फार वेळ टिकत नाही, कुणी ना कुणी उचलतो. पुडी मात्र पावसापर्यंत तिथेच राहते आणि पावसात ओढ्याला लागते.

पुण्यात ज्या बायका वर्षानुवर्षे हा कचरा हाताने निवडत आल्या, त्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेबरोबर करू लागली. संघटनेच्या नावातच त्यांचे ज्ञान आहे. कागद, काच, पत्रा. प्रत्येक वस्तूला तिचे नाव, तिचा भाव आणि तिची वाट असते हे त्यांना आपल्याआधी कळले. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, ही साधी मागणी त्यांच्याकडूनच आली, कारण ती उघडी पॅड त्यांना हाताने वेगळी करावी लागत. मोहीम आखताना तुमच्या भागातल्या कचरावेचक ताईंना आधी विचारा. कुठली वस्तू त्यांना हवी आहे आणि ती कशी दिली म्हणजे तिचे मोल राहील, हे त्या सांगतील.

एक वस्तू मी जवळून दाखवते. दुधाच्या पिशवीचा कोपरा. पिशवी फोडताना आपण कात्रीने कोपरा छाटतो आणि नखाएवढा तिकोनी तुकडा पडतो. पिशवी मोठी, तिचे भंगार होते. तुकडा केराबरोबर जातो, केरातून रस्त्यावर येतो, रस्त्यावरून गटारात. आम्ही एका रविवारी फक्त हे तुकडे वेचायचे ठरवले आणि पुलापासून टपरीपर्यंत एका मुलीची ओंजळ भरली. निळे, हिरवे, पांढरे. ती ओंजळ तिने त्या दिवशी घरोघरी नेऊन दाखवली. सांगणे एवढेच होते की कोपरा पूर्ण छाटू नका, चीर द्या आणि तुकडा पिशवीला लटकता राहू द्या. यात खर्च नाही, कष्ट नाहीत. कुणाला दोष देणेही त्यात नव्हते, त्यामुळे लोकांनी ते ऐकले.

वेचताना मोजण्याची सवय जगात रुजवली ती किनारे साफ करणाऱ्यांनी. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरेनिस आणि कॅथी ओ’हारा या दोघींनी सुमारे २,८०० स्वयंसेवक जमवले. त्यांनी कचरा उचलला आणि प्रत्येक वस्तूची कागदावर नोंदही केली. त्यातूनच पुढे दर सप्टेंबरात जगभर होणारी किनारा सफाई सुरू झाली. नोंद हातात असली की आपण तक्रारीच्या पुढे जातो. कुठल्या मालाची वेष्टने सर्वांत जास्त सापडली हे आपण लिहून दाखवू शकतो, आणि प्लास्टिकचा माल बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर त्याच्या कचऱ्याची जबाबदारी टाकणारे नियम आपल्या देशात आहेत. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी नोंदवहीचे नमुना पान दिले आहे. ते भरायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे फोटोंना देऊ नका, वहीला द्या.

परत जाण्याचे फळ कसे मिळते हे मुंबईने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर हे दोघेच कचरा उचलायला उतरले. भरती रोज नवा कचरा आणून टाकत होती. दोघांचे शेकडो झाले, शनिवार-रविवार ठरून गेले. मध्ये उचललेला कचरा वेळेवर नेला जाईना, इतरही अडचणी आल्या, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले निघून समुद्राकडे गेली. त्यासाठी कुणी कासवांची योजना आखली नव्हती. माणसे दर आठवड्याला परत येत राहिली आणि वाळू मोकळी राहिली.

आपल्या गल्लीत कासवे येणार नाहीत. पण पाणी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. नाले तुंबण्यात प्लास्टिक पिशव्यांचा वाटा तेव्हा साऱ्यांच्या डोळ्यांवर आला आणि राज्याने पातळ पिशव्यांवर बंदी आणली. पुढे २३ मार्च २०१८ ला त्याहून व्यापक प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने घरे आणि माणसे नेली. एवढ्या पुराला केवळ कचरा कारण नसतो. ओढ्यांवरची अतिक्रमणे, अरुंद केलेली पात्रे ही मोठी कारणे आहेत. पण पुलाखालच्या मोरीत अडकलेली एक गादी आणि तिला बिलगलेल्या शंभर पिशव्या पाण्याची वाट अडवू शकतात. मे महिन्यात ती मोरी कुणीतरी वाकून पाहिलेली असणे महत्त्वाचे आहे.

पाहिलेली, असे म्हणते. उतरून साफ केलेली नव्हे. सुरक्षिततेच्या प्रकरणातला हा पहिला नियम आहे आणि तो मोडायचा नाही. स्वयंसेवकाने गटारात, चेंबरमध्ये, मोरीत उतरायचे नाही. तिथल्या वायूने क्षणात जीव जाऊ शकतो. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपण हौसेने उतरलो तर त्या कायद्याच्या हेतूचीच पायमल्ली करतो. मोरी तुंबलेली दिसली तर लेखी कळवायचे, पोच घ्यायची, आठवड्याने पुन्हा जायचे. दुसरा नियम, इंजेक्शनच्या सुया आणि दवाखान्याचा कचरा हाताने उचलायचा नाही. तिसरा, पावसाळ्यात ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहायचे, कारण खाली साप-विंचू असतात. पायात गमबूट हवेत आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी वही सांभाळायचे काम घ्यायचे, लेप्टोस्पायरोसिसचा धोका पत्करायचा नाही. मुलांना चिमटे आणि हातमोजे दिल्याशिवाय ओळीत उभे करायचे नाही.

काही जण विचारतात, आपण झाडायला लागलो तर पालिका हात वर करणार नाही का? प्रश्न रास्त आहे. घनकचरा व्यवस्थापन हे ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर नगरपालिकांच्या कामांच्या यादीत राज्यघटनेतच लिहिलेले आहे. त्यासाठी आपण कर भरतो. आपला खराटा पालिकेच्या कामाची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊ नये. पण दर आठवड्याला कोपरा पाहणारा, मोजणारा, तारीखवार नोंद ठेवणारा नागरिक क्षेत्रीय कार्यालयात गेला की त्याचे म्हणणे टाळणे कठीण होते. आमच्या नोंदवहीची चार पाने घेऊन आम्ही गेलो, तेव्हा घंटागाडीची दुसरी फेरी संध्याकाळी सुरू व्हावी ही मागणी तीन अर्जांनंतर मान्य झाली. त्याआधीची नुसती तोंडी गाऱ्हाणी कित्येक वर्षे तशीच पडून होती.

कोपरा मोकळा झाला की तो मोकळा ठेवण्याचे उपाय शेवटच्या प्रकरणात आहेत. दिवा लावणे, बाक ठेवणे, कुंड्या, सकाळची रांगोळी. थुंकणाऱ्यांना रोखायला जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही ती टाळली. देवाच्या धाकाने थुंकी चार हात पलीकडे जाते, थांबत नाही. रांगोळी मात्र काम करते, कारण रांगोळीमागे ती काढणारे माणूस दिसते आणि त्या माणसाला ओलांडून पिशवी टाकणे जड जाते.

या पानांमागे अनेकांचे हात आहेत. मावशींनी वर्गीकरण शिकवले, कचरावेचक ताईंनी भाव सांगितले, टपरीवाल्या दादांनी टोपली ठेवली आणि रोज रिकामी केली. सकाळी साडेसहाला कामावर निघणाऱ्या आमच्या त्या ताई आता रविवारी स्वतः खराटा घेऊन येतात. यातल्या कुणाला आपले नाव छापायचे नव्हते, म्हणून ते दिलेले नाही.

आज आमच्या कोपऱ्यावर एक बाक आहे आणि तगरीचे झाड गुडघ्याएवढे झाले आहे. महिन्यातून एखादी पिशवी अजूनही येते. ती दिसली की आम्ही उचलतो, उघडतो आणि ती का आली ते शोधतो.

तुमच्या घरापासून शंभर पावलांवर असा एखादा कोपरा नक्की असेल. ही पुस्तिका वाचून बाजूला ठेवा आणि येत्या रविवारी सकाळी सात वाजता तिथे जा. एकटे असलात तरी जा. जागा झाडा, जे सापडेल ते लिहून काढा. आणि मंगळवारी तिथे पुन्हा पिशव्या दिसल्या तर रागावून घरी बसू नका. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जा.